अष्टमीच्या सुमाराला मालवण

बोईसरला राहायचं आणि स्कूबा डायव्हिंगची ओढ बाळगायची, म्हणजे दर वेळी घर सोडून लांब जाणं आलं. समुद्राची आमच्याकडे वानवा नाही. चिंचणी, तारापूर, नवापूर, मुरबे, सातपाटी, शिरगाव, केळवे, कुठल्याही दिशेला निघालं तरी किनारा लागतो. पण या पाण्यात उतरलं तर लांब केलेला स्वतःचाच हात दिसत नाही. नर्मदा आणि तापी गाळ आणून ओततात आणि खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी तो खाली बसू देत नाही. भावनगरच्या बाजूला भरती आणि ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. आमच्याकडे उधाणाला तो पाचेक मीटरचा असतो आणि किनारा सपाट, त्यामुळे ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की होड्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात.

या पाण्याला कुणी घाण म्हटलं की मला राग येतो. ते गढूळ आहे ते गाळाने, आणि याच गाळावर इथली मासळी पोसते. बोंबील, कोळंबी, पापलेट सगळं या तपकिरी पाण्यातलं. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, त्यासाठी आग्रह धरला होता तो सातपाटीच्या मच्छीमारांनी. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून थंडाव्यासाठी हेच समुद्राचं पाणी घेतंय. एवढं देणाऱ्या समुद्राने वर पारदर्शकही असावं अशी अपेक्षा मी करत नाही. डायव्हिंगसाठी मी दुसरीकडे जाते.

माझा नवरा सातपाटीचा. घरात दोन पिढ्या डोल जाळं टाकणाऱ्यांच्या. तो स्वतः तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी करतो, पण सुट्टीच्या दिवशी पाय बंदराकडेच वळतात. तो डायव्हिंग करत नाही आणि कधी करणारही नाही. लहानपणी कान वारंवार फुटायचा, आणि डाव्या कानाच्या पडद्याला पडलेलं भोक अजून आहे. दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. धडधाकट माणूस नाक दाबून, कानात हवा फुंकून तो दाब सारखा करत करत उतरतो. पडद्याला भोक असलं की पाणी थेट मधल्या कानात शिरतं, आणि ते गार असलं तर माणसाला पाण्याखालीच गरगरायला लागतं. वर कुठे, खाली कुठे हे कळेनासं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला. त्यात भीती नाही, हट्टही नाही. म्हणून ‘तूही एकदा करून बघ ना, मग आवडेल’ असं आग्रहाने म्हणणाऱ्या मित्रमंडळींना मी आता मध्येच थांबवते. जोडीदाराला पाण्याखाली ओढून न्यायचं, या एकाच गोष्टीला लोक सोबत समजतात. आम्हा दोघांना ते मान्य नाही.

डायव्हिंगच्या सहलीचा हिशेब एकदा नीट मांडून बघावा. एक डाइव्ह पाऊण तासाची. दोन डाइव्हच्या मध्ये तासभर तरी वर थांबावं लागतं, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हवा. सिलिंडर, जॅकेट, वजनाचा पट्टा, बोटीचा जायचा-यायचा वेळ हे सगळं धरलं तर पाण्याखालच्या दीड तासासाठी सकाळी साडेसहाला निघालेला माणूस दुपारी दीडला परत येतो. जेवतो आणि झोपतो, कारण या कामाने अंग खरोखर गळून जातं. म्हणजे न बुडणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते ती एकट्याने काढायची सकाळ आणि पेंगुळलेल्या जोडीदारासोबतची संध्याकाळ. बहुतेक ठिकाणी त्याच्यासाठी हॉटेलच्या तलावाकाठची खुर्ची सुचवली जाते. ज्याचं बालपण सातपाटीच्या बंदरात गेलं त्याला समुद्रकाठी नेऊन क्लोरीनच्या पाण्याशेजारी बसवायचं, हे मला पटत नाही.

म्हणून आमच्या घरात नियोजन उलट्या टोकाने सुरू होतं. आधी त्याचे दिवस कागदावर मांडायचे, मग त्यांत माझ्या डाइव्ह बसवायच्या. ठिकाण निवडतानाही पहिला प्रश्न पाणी किती स्वच्छ हा नसतो. बोट सुटल्यावर किनाऱ्यावर काय उरतं, हा असतो. या प्रश्नावर बरीच नावाजलेली ठिकाणं गळतात. नेत्राणीचं पाणी सुंदर, मुर्डेश्वरहून बोटीने जायचं. पण मुर्डेश्वरला देवळाचं गोपूर आणि शंकराची प्रचंड मूर्ती बघून झाली की माझा नवरा सकाळी दहाला मोकळा. अंदमानचं स्वराज द्वीप कुणालाही आवडेल असं आहे, पण तिथवरचा विमानप्रवास आमच्या सुट्टीत बसत नाही. लक्षद्वीपला परवाना लागतो, ते पुढे कधीतरी. आणि कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक, विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, वीसेक मीटर पाण्याखाली पसरलेली प्रवाळांची पठारं! तिचा विचार जरी आला तरी मला झोप लागत नाही. पण तिथे जमीनच नाही. बुडणाऱ्याने खाली जावं आणि दुसऱ्याने लाटांवर हेलकावत दिवस काढावेत, असं ते ठिकाण.

मालवण मात्र दोघांच्याही कागदावर टिकलं. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, समुद्रजीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली इथलं २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालंय. आणि किनाऱ्यावर? तिथे तर रापणीची मासेमारी आहे, मासळीचा लिलाव आहे, कर्ली नदी आहे, पिंगुळीच्या बाहुल्या आहेत, धामापूरचा तलाव आहे. त्याचा कागद माझ्या आधी भरला.

तारखा त्यानेच ठरवल्या. पावसाळा आणि त्यानंतरचा गढूळपणा सोडला तर मालवणचं पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत बरं, एवढं मला ठाऊक होतं. त्याने दिनदर्शिका काढली आणि पौषातल्या अष्टमीवर बोट ठेवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोराने चढतं, जोराने उतरतं आणि तळ ढवळून काढतं. अष्टमीच्या पुढचे दोन-तीन दिवस भांगाचे. भरती लहान, ओढ कमी, गाळ खाली बसलेला. डायव्हिंगच्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं, पण तिथे मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमाराला, हा हिशेब तो लहानपणापासून तोंडी करतो. मग त्यात दुरुस्ती करून म्हणाला, “मालवणला आपल्याआधी भरती लागेल. तासभर तरी.” ते बरोबर आहे, पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते. त्या हिशेबाने सकाळी नऊच्या सुमाराला पाणी कुठल्या बाजूला ओढत असेल, हे त्याने बोईसरच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. नंतर मालवणच्या बोटवाल्याशी फोनवर बोलताना मी तेच विचारलं आणि तेच उत्तर आलं.

आमच्या भागातून कोकणात रेल्वेने जाणं आता थोडं सोपं झालंय. पूर्वी दादर किंवा ठाणे गाठण्यातच अर्धा जीव जायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनस–मडगाव गाडी सुरू झाली, आठवड्यातून दोनदा धावणारी, आणि ती वसई रोडला थांबते. पहाटेची डहाणू लोकल धरून वसईला उतरलो. पिशवीत घोलवडचे चिकू आणि आदल्या रात्री केलेली उकडहांडी. थंडीतला हा पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो. भिवंडी, पनवेल, रोहा करत गाडी कोकणात शिरली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल. माझी मास्क आणि फिन्सची बॅग बाकाखाली होती. खिडकीची जागा त्याची. कणकवलीला उतरून कसालमार्गे मालवण.

पहिल्या दिवशी मी डाइव्ह ठेवलीच नव्हती. दोघांनी मिळून सिंधुदुर्ग किल्ला बघायचा असं ठरलं होतं. १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या या किल्ल्याची तटबंदी फिरताना तो दर थोड्या अंतरावर वाकून खाली बघायचा. होडी कुठून आत घ्यायची, खडक कुठे लपलेत, वारा फिरला तर काय करायचं. किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे, दूधविहीर, साखरविहीर, दहीविहीर आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. दुसऱ्या दिवशी मी ज्या खडकांवर उतरणार होते ते त्याने मला तटावरूनच दाखवले. पाण्याचा रंग कुठे बदलतो, फेस कुठे फुटतो, एवढ्यावरून खालचा आकार ओळखायचा. कुठलीही डाइव्ह मी इतक्या तयारीने कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोटीवर आला. न बुडणाऱ्याला बोटीवर नेऊ नये असं अनेक जण सांगतात; कंटाळतो, त्याला बोट लागते. हा सल्ला माणूस बघून द्यावा. त्याला बोट लागण्याचा प्रश्नच नव्हता. पाण्यात शिरताना माझ्यासोबत होता तो संस्थेतला प्रशिक्षक; डायव्हिंगमध्ये जोडीशिवाय उतरायचं नसतं आणि माझी जोडी दर वेळी अशी परकी असते. उतरण्यापूर्वी आम्ही एकमेकांचे पट्टे, हवा, नळ्या तपासत होतो, तेव्हा नवऱ्याने घड्याळ बघून वेळ कागदावर लिहिली. हे त्याचं काम. किती वाजता उतरलो, किती वाजता वर यायचं ठरलंय, कुठल्या बाजूला वाहत जाऊ. बोटीवरच्या लोकांचं लक्ष असतंच, पण त्याचं असतं हे मला खाली आठ-दहा मीटरवर ठाऊक असतं, आणि त्याने माझा श्वास शांत चालतो. हवाही जास्त वेळ पुरते.

पाणी सहा-सात मीटरपर्यंत दिसत होतं. अंदमान बघितलेल्याला हे कमी वाटेल. बोईसरहून आलेल्या मला हा प्रकाशाचा महाल होता. खडकांवर प्रवाळांचे घट्ट गोळे, काही वळ्यावळ्यांचे, काही फुलांच्या पाकळ्यांसारखे पसरट. पोपटमासे चोचीने खडक खरवडत होते आणि तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. कपारीत एक वाम तोंड उघडं टाकून बसली होती. तांबोशीचा छोटा थवा आला, वळला, गेला. एका भेगेतून शेवंडीच्या लांब मिशा हलत होत्या. बाजारात, तव्यावर, ताटात पाहिलेल्या मासळीला तिच्या घरात बघताना मला दर वेळी गलबलून येतं.

काही ठिकाणी प्रवाळांचे तुकडे पडलेले होते, कडा पांढऱ्या. नांगर टाकताना, धरून उभं राहताना, पाय टेकवताना ते मोडतात. मालवणात पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाच्या हाताला धरून पाण्याखाली नेतात, फोटो काढतात. त्यातून शेकडो घरं चालतात आणि लाखो लोकांना समुद्राचा तळ बघायला मिळतो, हे चांगलंच आहे. पण खडकावर उभं राहू नये, माशांना बिस्किटं-पाव घालू नये, बोटींनी एकाच खडकावर नांगर टाकत राहू नये, एवढं कडकपणे पाळलं गेलंच पाहिजे. प्रवाळाची वाढ वर्षाला मिलिमीटरांत किंवा फार तर काही सेंटिमीटरांत मोजतात. एका फोटोसाठी मोडलेला गोळा आपल्या हयातीत भरून येत नाही.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून वर आले, तेव्हा नवरा आणि तांडेल गप्पांत बुडालेले. एका माशाचं मालवणात काय नाव, सातपाटीत काय. त्याने मला हात दिला आणि पहिला प्रश्न विचारला, “पाणी उत्तरेला ओढत होतं ना?” होतं. मग मी काय काय बघितलं ते सांगितलं. वामीची कपार तळापासून किती उंचीवर होती, तोंड कुठल्या बाजूला, हे त्याने खोदून विचारलं. समुद्राबद्दल मला इतके नेमके प्रश्न विचारणारा दुसरा कुणी भेटलेला नाही.

त्यानंतरच्या सकाळी मात्र आमच्या वाटा वेगळ्या होत्या. तो पहाटेच तारकर्लीच्या वाळूवर रापणीला गेला. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकत जायचं आणि दोन्ही दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या, अशी ही जुनी सामुदायिक मासेमारी. आलेल्या मासळीची वाटणी होते. आमच्या चिखलाच्या किनाऱ्यावर ती नाही, त्याने ती पहिल्यांदाच पाहिली. पाहिली म्हणजे दोरी धरली. दुपारी भेटला तेव्हा तळवे सोललेले आणि डोळे चमकत होते. तारल्या, थोडे बांगडे, खेकडे. त्याच्या वाट्याचे बांगडे त्याने घेतले नाहीत, तेव्हा रापणकरांनी ते आमच्या घरगुती निवासाच्या काकूंकडे पोहोचते केले. संध्याकाळी तिरफळ घातलेलं त्यांचंच तिखलं आम्ही जेवलो.

पण तो सांगत राहिला ते मासळीबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त. रापणकरांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण केलंय. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी हा आजचा त्रास आहे. अभयारण्यालाही इथल्या मच्छीमारांचा सुरुवातीपासून विरोध, कारण आपल्याला विचारल्याशिवाय समुद्रावर रेषा ओढली गेली असं त्यांना वाटतं. मग त्यांनी त्याला आमच्याकडच्या वाढवणबद्दल विचारलं. तिथल्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला झाली आणि आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला तीव्र विरोध आहे, हे त्यांना तपशिलात माहीत होतं. दोन टोकांच्या किनाऱ्यांवरची माणसं वाळूत बसून एकमेकांची काळजी विचारत होती. मी त्या वेळी आठ मीटर खाली होते. त्या सकाळी अधिक काही बघून आला असेल तर तो, हे मी मनापासून म्हणते.

एक दिवस मी पूर्ण कोरडा ठेवला होता. डायव्हिंगनंतर विमानाने जायचं तर लागोपाठच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास थांबावं लागतं. आम्ही रेल्वेने जाणार होतो, कोकण रेल्वे समुद्रसपाटीच्या जवळून जाते, तेव्हा हे बंधन आम्हाला तितकं जाचक नव्हतं. पण परतताना आंबोली घाट चढून कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यावं असा सासूबाईंचा निरोप होता. घाट म्हणजे सहा-सातशे मीटरची उंची, आणि डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं मोटारीनेही टाळायचं असतं. शेवटचा दिवस असा कोरडा ठेवावाच लागतो, आणि तो सगळाच्या सगळा न बुडणाऱ्याच्या नावावर लिहून टाकावा, असं मी प्रत्येक डायव्हरला सांगेन. शरीरालाही विश्रांती मिळते.

त्या दिवशी आम्ही पिंगुळीला गेलो. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. गोठ्यात उभारलेलं त्यांचं संग्रहालय बघायला हवं असं आहे. पोथीतलं एकेक चित्र समोर धरून कथा लावली जाते, तेव्हा कागदावरच्या राक्षसांचे डोळे हलल्याचा भास होतो. नंतर धामापूरचा तलाव. गावकऱ्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला, २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांत नोंदला गेलेला, काठावर भगवतीचं देऊळ. त्या स्वच्छ गोड्या पाण्याकडे बघत मी काठावर बसले आणि तो देवळाच्या गुरवाशी पावसाबद्दल बोलत बसला.

पुढचा बेत तिथेच ठरला. रापणीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याला वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीबद्दल सांगितलं होतं. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, गावातली माणसं घरटी राखतात आणि फेब्रुवारीपासून पिल्लं समुद्रात सोडली जातात. त्याला ते बघायचंय. पिल्लं निघतात ती सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या सुमाराला, आणि त्यातली सकाळची वेळ नेमकी माझी बोट सुटायची. तिथून जवळच्या निवती खडकांकडे मार्चमध्ये पाणी कसं असतं आणि सकाळी साडेसहाऐवजी नऊला बोट निघू शकेल का, हे विचारायला मी दुसऱ्याच दिवशी बोटवाल्यांना फोन केला. भांगाचे दिवस असतील तर निघेल, असं ते म्हणाले. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला, आणि त्याने फाल्गुनातली अष्टमी कधी येते ते बघायला पंचांग उघडलं.